एकतीस काठ्या आणि शून्य मासे

माझ्या काकांकडे मासे पकडायच्या एकतीस काठ्या आहेत आणि त्यांनी आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही. ही चहाडी नाही, ते स्वतःच छाती काढून सांगतात. पाण्याजवळ गेलं की त्यांना शिंका येतात. आणि मासे त्यांना बघवत नाहीत, कारण मासा डोळे मिटत नाही. "असं टक लावून माझ्याकडे फक्त तुझी काकू बघू शकते," असं त्यांचं म्हणणं. काठ्या मात्र हव्यात, आणि त्याही जुन्याच. बांबूच्या, हाताने घडवलेल्या, ज्यांचा कारागीर कधीच वर गेलाय अशा.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, काका-काकू खाली. शाळा सुटली की आई-बाबा कामावरून येईपर्यंत माझा मुक्काम खाली. गेल्या वर्षापर्यंत मला सगळे मुकी म्हणायचे. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा 'हजर'सुद्धा मी मनातल्या मनात म्हणायचे, आणि मग गैरहजेरी लागायची. मग वादविवाद स्पर्धेच्या दिवशी आमच्या वर्गातर्फे बोलणाऱ्या मुलीला कांजिण्या निघाल्या. बाईंनी मला पुढे ढकललं, का ते देव जाणे. मी तोंड उघडलं आणि चौदा वर्षांचा साठा एकदम बाहेर पडला. पहिला नंबर आला. तेव्हापासून मी थांबलेले नाही. काकांनी माझं नाव बदलून भोंगा ठेवलं.

काका वजनमापे निरीक्षक होते. अडतीस वर्षं दुकानादुकानातले तराजू तपासले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते आत शिरले की दुकानदार आपोआप सरळ उभा राहतो. मोजपट्टी कायम खिशात. आंघोळीला जाताना ती काढून ठेवतात की नाही याबद्दल काकू काही बोलायला तयार नाही.

काठी ओळखायची कशी ते मला त्यांनीच शिकवलं. जुनी चांगली काठी अख्ख्या बांबूची नसते. बांबू चिरून त्याच्या सहा तिकोनी चिपा काढायच्या, त्या गोंदाने एकमेकींना चिकटवायच्या, की षटकोनी काठी तयार होते. इतकी सफाई की सांधा नखाला लागत नाही. काठीचे तीन तुकडे असतात: बुडखा, मधला आणि शेंडा. बुडख्याला बुचाची मूठ. तुकडे एकमेकांत बसवायला धातूचे सांधे, एकीकडे नळी, दुसरीकडे त्या नळीत जाणारी खुंटी. दोरी ओवायला कड्या, आणि कड्या बांधायला रेशमी दोरा. दोऱ्याचा रंग, वेढे किती, मुठीचा आकार, व्हार्निशचा वास, यावरून कारागीर ओळखायचा. काका डोळे मिटून वास घेतात आणि म्हणतात, "साधारण ऐंशी वर्षं." काकू स्वयंपाकघरातून म्हणते, "मला इतक्या प्रेमाने कधी हुंगलं असतंत तर!"

आणि तीन नियम. घासायचं नाही, रंगवायचं नाही, जोडायचं नाही.

"जोडायचं का नाही?" मी विचारलं होतं.

"सांधे म्हातारे असतात. तडकले तर? आमच्या काठी-संग्राहक मंडळात कुणीच जोडत नाही. तुकडे भिंगाखाली बघायचे, मोजायचे, परत पिशवीत."

"मग ती काठी कशी दिसते ते कळणार कसं?"

"कल्पनेने," काका म्हणाले. मग जरा हळवे झाले. "अस्सल कारागिराचा सांधा सोडवताना एक आवाज येतो, म्हणे. टप्. बाटलीचं बूच उघडल्यासारखा. तो आवाज आला की समजायचं, खुंटी आणि नळी एकमेकांसाठीच घडवलेल्या आहेत."

"तुम्ही ऐकलाय?"

"वाचलाय."

तर हे असं. एकतीस काठ्यांतली एक म्हणजे राणी. ती ज्याने घडवली त्याला सगळे डावऱ्या म्हणतात. तो काठीवर नाव घालायचा नाही. हिरव्या दोऱ्याने कड्या बांधायचा आणि शेवटचा एकच वेढा लाल घ्यायचा, तीच त्याची सही. डावऱ्याच्या काठ्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या दोन अकरा वर्षांपूर्वी आमच्याच गावात, जुन्या सामानाच्या दुकानात, एकाच ट्रंकेच्या तळाशी निघाल्या. एका बाजूने काका वाकले होते, दुसऱ्या बाजूने गुरांचे डॉक्टर. दुकानदाराने सगळे तुकडे बाहेर काढून टेबलावर पसरले, आणि दोघांनी घाईघाईने आपापले तीन-तीन उचलले. डॉक्टरांनी जाडी उचलली, काकांनी नाजूक. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी फक्त मंडळाच्या सभेत बोलतात, तेही सेक्रेटरीमार्फत.

मंडळाच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. चार वर्षांतून एकदा बाहेरचा परीक्षक येतो आणि एक काठी निवडतो. ती मखमलीवर ठेवतात, खाली मालकाच्या नावाची पाटी, आणि कपाटाला कुलूप. मागच्या दोन्ही वेळा पाटीवर डॉक्टर होते. या वेळी काका राणी काढणार होते. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. पाटीवर मावतं का ते बघायला काकांनी स्वतःचं नाव तीन आकारांत लिहून मोजलं होतं. काकांना आयुष्यात दुसरं काही नको होतं, फक्त ती पाटी. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

सभा शनिवारी दुपारी चारला होती. दोन वाजता काका दाढी करायला सलूनमध्ये गेले. राणी पलंगावर पिशवीत. काकू आत भांडी लावत होती. मी आणि राणी, दोघीच.

आता मला सांगा, एखादी बाई ऐंशी वर्षांची आहे, देखणी आहे, आणि अकरा वर्षं तिला कुणी उभीच राहू दिलेली नाही. माझ्यासारख्या मुलीने काय करावं? मी पिशवी सोडली. बुडखा आणि मधला जोडला, लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग शेंडा. शेंडा जाईना. अर्ध्यात अडला. मी जरा दाबला. जरा म्हणजे, पलंगाच्या कठड्याला पाय लावून. खुंटी कुरकुर करत आत गेली आणि राणी उभी राहिली.

काय सांगू! साडेआठ फूट. नुसता श्वास घेतला तरी शेंडा थरथरत होता. मी ती हळूच हलवली आणि खोलीभर शीळ घातल्यासारखा आवाज झाला. तिसऱ्यांदा हलवली तेव्हा शेंडा पंख्यापासून वीतभर अंतरावरून गेला आणि दारातून काकू किंचाळली, "पंखा! अगं भवाने, पंखा!"

काकूने बटण बंद केलं. पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघी पुतळ्यासारख्या उभ्या. मग मी राणी सोडवायला गेले. बुडखा सुटेना, कारण शेंडा दाबताना तोही मुरगळून घट्ट बसला होता. शेंडा तर हलेचना.

"ओढ," काकू म्हणाली.

"ओढतेय."

"अगं, जोरात ओढ, जेवत नाहीस का?"

तेवढ्यात बघते तर काका दारात उभे. गाल गुळगुळीत, अंगाला पावडरचा वास, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो बहुतेक वजनात दगड भरलेला सापडल्यावर यायचा. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "किती वाजले?"

"अडीच," मी म्हणाले.

"दीड तास आहे."

पुढच्या तासाभरात आम्ही जे केलं ते मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. काकांच्या काठ्यांवरच्या पुस्तकात एक उपाय होता: काठी गुडघ्यांच्या मागून घ्यायची, उकिडवं बसायचं, दोन्ही हातांनी दोन्ही बाजू धरायच्या आणि गुडघे फाकवायचे, म्हणजे सांधा सरळ ओढला जातो. काका इस्त्रीच्या पँटमध्ये उकिडवे बसले. गुडघे फाकले. राणी जशीच्या तशी. पँट मात्र मागे उसवली.

दुसरा उपाय बर्फ. खुंटी थंड झाली की आकसते. काकूने फडक्यात बर्फ बांधून आणला. मी धरून बसले, फरशीवर तळं झालं, काका त्यात घसरले. मग तिघांनी ओढलं. काका एका टोकाला, काकू दुसऱ्या, मध्ये सांध्याशी मी. "तुमच्याशी लग्न झाल्यापासून मी ओढतेच आहे," काकू धापा टाकत म्हणाली, "पण इतकं चिवट काही बघितलं नाही. तुम्हीसुद्धा इतके चिवट नाही हो." एवढ्यात बुडखा सुटला, आणि काका धाडकन बसले. शेंडा आणि मधला मात्र एकजीव.

"निदान आता दोन तुकडे झाले," मी धीर देत म्हणाले.

"दोन तुकड्यांची काठी बघून डॉक्टर काय म्हणेल?" काका म्हणाले. "म्हणेल, इन्स्पेक्टरनं मोडून आणली. जोड परत. जायचं तर ताठ जाऊ."

म्हणून आम्ही निघालो. बुडखा परत बसवला आणि रस्त्यावरून साडेआठ फुटांची राणी. काकांनी मूठ धरलेली, मी पुढे शेंडा सांभाळत. रिक्षा थांबेना. बसच्या कंडक्टरने आमच्याकडे एकदा बघितलं आणि न विचारताच घंटी मारली. चालत गेलो. कोपऱ्यावर वळायचं म्हणजे मी पुढच्या रस्त्यावर आणि काका अजून मागच्याच रस्त्यावर. मध्ये लोक खाली वाकून जात होते. सलूनवाला दारात आला. "काय साहेब, शेवटी निघालात म्हणायचं! माशांना कळवलंय का?" किराणावाल्याने तर गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं, "बघा, आमचे तराजू संपले, आता नदीचं वजन करायला चाललेत."

काकांनी मान वळवली नाही. मला हसू येत होतं. आणि मग सिग्नलला थांबलो तेव्हा मला ते दिसलं.

कड्यांमधलं अंतर मुठीपासून शेंड्यापर्यंत कमी-कमी होत जातं. हे काकांनीच मला शिकवलेलं, अगदी दुसऱ्या दिवशीच्या धड्यात. सुरुवातीला वीतभर, मग चार बोटं, मग तीन. राणीच्या मधल्या तुकड्यावर बरोबर तसंच होतं. शेवटच्या दोन कड्यांत सहा बोटं, मी मोजली. पण सांध्याच्या पुढे, शेंड्यावर, पहिल्याच दोन कड्यांत नऊ बोटं. मग आठ. म्हणजे जिना उतरता उतरता मध्येच दोन पायऱ्या वर चढल्यासारखं. दोरा हिरवाच, शेवटचा वेढा लालच, काम डावऱ्याचंच. पण हा शेंडा हिचा नव्हता.

काकांनी प्रत्येक तुकडा मोजला होता. वजन केलं होतं. दोऱ्याचे वेढेसुद्धा मोजले होते. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बिनचूक होता. चूक फक्त जोडल्यावर दिसत होती, आणि जोडायचं नाही असा नियम!

सिग्नल सुटला. मी, गावभर वाजणारा भोंगा, एक अक्षर बोलले नाही.

"गप्प का गं?" काका मागून म्हणाले. "घाबरलीस? मी रागावलो नाही तुझ्यावर. राणी परीक्षकाला आवडली की झालं."

मी म्हटलं, "धाप लागलीय."

मंडळाची खोली टायरच्या दुकानावर आहे, त्यामुळे सगळ्या सभेला रबराचा वास. जिन्यात राणी आडवी मावेना. ती उभी करून, कठड्यावरून वर देत देत नेली. आत लांब टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर नऊ काठ्या तुकड्या-तुकड्यांनी झोपवलेल्या, दवाखान्यातल्या रांगेसारख्या. आम्ही दारात उभे राहिलो तशी सगळ्यांची भिंगं खाली आली.

"सेक्रेटरी," गुरांचे डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, "साहेबांना विचारा, येताना नदीवरून आलात का?"

सेक्रेटरी पेशाने शिंपी, तोंडात कायम दोन टाचण्या. त्याने काकांकडे बघून खांदे उडवले, म्हणजे तुम्ही ऐकलंच.

"सेक्रेटरी," काका म्हणाले, "डॉक्टरांना सांगा, अडकलीय."

डॉक्टर इतके हसले की त्यांनी पोट धरलं. राणी टेबलावर मावत नव्हती, म्हणून ती कोपऱ्यात उभी केली. शेंडा दिव्याला टेकला. तिथे ती एकटीच उभी होती आणि बाकीच्या सगळ्या आडव्या.

परीक्षक आल्या. मला वाटलं होतं कोट घातलेला कुणी येईल. एक म्हाताऱ्या बाई आल्या, सुती साडी, पायात कापडी बूट, आणि हाताची बोटं गोंदाने इतकी काळपट की ती आता धुतली जाणार नाहीत. पन्नास वर्षं काठ्या घडवत होत्या म्हणे. त्या टेबलाच्या एका बाजूने चालत गेल्या. लोक भिंग पुढे करत होते, त्या घेत नव्हत्या. डॉक्टरांची डावऱ्याची जाडी काठी आली, त्यावर जरा थांबल्या, "हं" म्हणाल्या, पुढे गेल्या. टेबल संपलं. चेहरा कंटाळलेला. आणि मग त्यांना कोपरा दिसला.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "एक तरी जिवंत आहे!"

त्यांनी राणी उचलली, डाव्या हातात घेतली, आणि मनगट जेमतेम हललं असेल, राणी कमानीसारखी वाकली. पण सांध्यापाशी त्या कमानीला कोपर फुटला. मला दिसलं. त्यांनाही दिसलं. काकांना काही दिसलं नाही, त्यांचे डोळे भरले होते.

"ही जोडली कुणी?"

"मी," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मुकीला लाज वाटली असती.

"मग तुझ्या लक्षात काय आलं?"

एक खोलीभर माणसं माझ्याकडे बघत होती. वादविवादात मी 'खरं बोलणं हेच धैर्य' या बाजूने सात मिनिटं बोलले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्यात कुठेही काकांच्या उसवलेल्या पँटचा उल्लेख नव्हता. आता ते तिथे उभे होते, पाठ भिंतीला लावून, पँट दिसू नये म्हणून.

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. अडतीस वर्षं दुकानदारांचे चेहरे वाचलेला माणूस, माझा काय वाचता येणार नाही?

"मापात काही खोट आहे?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"मग मान काय हलवतेस? बोल. भोंगा ना तू?"

मी बोलले. सहा बोटं, नऊ बोटं, सगळं. काकांनी खिशातून मोजपट्टी काढली. एकेक कडी मोजली, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, जणू पंचनामा चालू होता. शेवटची कडी झाल्यावर त्यांनी मोजपट्टी गुंडाळली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"शेंडा दुसऱ्या काठीचा आहे," ते म्हणाले. "माझी नोंद रद्द करा. अकरा वर्षं मी खोटं माप घरात ठेवलं. माझं दुकान असतं तर मीच सील केलं असतं."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले, आणि त्या अरेरेमध्ये चार वर्षांचा आनंद होता. "शेंडा ना बुडखा!"

"तुमची जोडा आता," परीक्षकबाई म्हणाल्या.

"माझी?" डॉक्टर एकदम सावध झाले. "जुनी वस्तू आहे बाई. जोर लावू नये."

"इथे कुणी आपली काठी कधी जोडली आहे?"

सेक्रेटरीने तोंडातली एक टाचणी काढली आणि परत घातली.

"म्हणजे तुम्ही लोक," बाई म्हणाल्या, "नवऱ्यामुलीचं फक्त जन्मदाखला बघून लग्न लावता. जोडा!"

डॉक्टरांनी घाम पुसत बुडखा-मधला जोडला. बसला. मग शेंडा. शेंडा आत गेला तो इतक्या सहज, की डॉक्टरांनी काठी वर उचलताच तो निसटला, हवेत एक गिरकी घेतली आणि सेक्रेटरीच्या चहाच्या कपात उभा राहिला.

काकांची एक घट्ट, डॉक्टरांची एक सैल. दोन्ही डावऱ्याच्या. एकच ट्रंक, एकच टेबल, दोन घाईखोर माणसं. सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि मग ते माझ्या पोटात मावेना. "काका! तुमचा शेंडा कपात आहे!"

आता अडचण अशी की डॉक्टरांचा खरा शेंडा अजून राणीतच अडकलेला. काकांनी डॉक्टरांकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा सेक्रेटरी मध्ये नव्हता.

"डॉक्टर, तुम्ही अडलेली वासरं ओढून काढता ना?"

"शेकड्याने."

"मग ओढा."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. काठी गुडघ्यांमागे घेऊन उकिडवे बसले. "कळ आली की ओढायचं, मध्ये नाही," त्यांनी काकांना बजावलं. काकांनी मागून मधला तुकडा धरला. "आता! नको. थांबा. आता!" डॉक्टरांची पँटही फाटली. पण त्याच क्षणी कर्रर्र झालं आणि शेंडा सुटला. दोन मोठे पुरुष फरशीवर पाय पसरून बसले होते आणि दोघांच्या पँटी मागून सारख्याच उघड्या. पूर्ण न्याय.

मी कपातला शेंडा पुसला. काकांच्या हाती दिला. त्यांनी तो राणीच्या नळीवर ठेवला आणि तो आपला आपण आत गेला, कुणीही ढकलल्याशिवाय. कड्या सहा बोटं, साडेपाच, पाच. बाईंनी मनगट हलवलं, कमान एकसंध. मग त्या म्हणाल्या, "आता सोडवा."

काकांनी सरळ ओढलं.

टप्.

काका जागच्या जागी उभे राहिले. मग परत बसवला, परत सोडवला. टप्. माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"बूच नाही," काका म्हणाले. "पुस्तकात चूक आहे. बुचापेक्षा बारीक आहे."

डॉक्टरांचीही तोवर जमली होती, तिचाही टप् झाला, जरा जाड आवाजात. बाईंनी दोन्ही हलवून बघितल्या, खूप वेळ. मग राणीवर हात ठेवला. "ही. कपाटात ही."

सेक्रेटरीने किल्ली काढली. कपाट उघडलं. मागची काठी बाहेर आली, मखमल झटकली, कोरी पाटी आणि शाई आणली. काकांना जे हवं होतं ते सगळं समोर मांडलेलं होतं. ते राणी घेऊन पुढे गेले, तुकडे मखमलीवर ठेवायला वाकले, आणि थांबले.

"एकदा," ते म्हणाले. टप्.

"साहेब, ठेवा ना," सेक्रेटरी म्हणाला.

"शेवटचं." टप्.

"साहेब."

"हे कपाट परत कधी उघडतं?"

"चार वर्षांनी. नियम तुम्हीच लिहिलाय."

काकांनी पाटीकडे बघितलं. मग हातातल्या शेंड्याकडे. मी त्यांना भाषण करायला सांगणार होते, पण त्यांनी मला वेळच दिला नाही. "डॉक्टरांची लावा," ते म्हणाले. "तीही डावऱ्याचीच आहे. मी माघार घेतो."

डॉक्टर इतके आनंदले की त्यांनी काकांना मिठी मारली आणि दोघांनी लगेच पाठी भिंतीला लावल्या. डॉक्टरांची काठी मखमलीवर झोपली. पाटी लागली. कुलूप खट् झालं. आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा डॉक्टर काचेला नाक लावून उभे होते. मागून त्यांचा आवाज आला, "सेक्रेटरी, एकदाच उघडता का हो? एक टप् ऐकून लगेच ठेवतो."

"नियम," सेक्रेटरी टाचण्यांमधून म्हणाला.

घरी आलो तर काकू दारातच. "लागली का पाटी?"

"नाही," काका म्हणाले, आणि आत गेले. कपाट उघडलं, पलंगाखालच्या पेट्या ओढल्या, माळ्यावरची नळकांडी खाली घेतली. तीस काठ्या, तीस पिशव्या. काकू माझ्याकडे बघायला लागली, मी काकांकडे. त्यांनी पहिल्या पिशवीची गाठ सोडली, बुडखा माझ्या हातात दिला आणि मधला स्वतः घेतला.

"अहो, हे काय चाललंय?"

"खरं-खोटं बघतोय," काका म्हणाले. "पंखा बंद कर."

सातव्या काठीचा शेंडा अडकला. काकूने न विचारताच बर्फाचा ट्रे पुढे केला.